विद्यार्थी भीमराव आणि विद्यार्थ्यांचे बाबासाहेब



परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपल्या घराघरांत सांगितले जाते. चवदार तळ्याचा सत्याग्रह, काळाराम मंदिर, पुणे करार, संविधान, नागपूरची धम्मदीक्षा हे सगळे आपल्या लहान लेकरांनाही पाठ आहे. म्हणून या लेखात ते सगळे पुन्हा सांगायचे नाही. चरित्राची एकच बाजू घ्यायची आहे. बाबासाहेब कॉलेजात कसे गेले, विद्यापीठाचा प्रवेश कसा मिळाला, पैसा कुठून आला, कोणी शब्द टाकला, कुठे अडले आणि पुढे त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी काय केले, एवढेच पाहायचे आहे.

हा विषय घेण्याचे कारण साधे आहे. दरवर्षी बारावीचा निकाल लागला की आपल्या परभणीच्या वस्त्यांत आणि जिंतूर, गंगाखेड, पालम, पाथरी, सेलू, पूर्णा भागातल्या खेड्यांत तोच प्रश्न उभा राहतो. पोरगं पास झालं, पोरगी पहिल्या वर्गात आली, आता पुढे काय? फॉर्म कुठला भरायचा, कागद कोणते लागतात, फी कोण भरणार, शहरात राहायचे कुठे? कित्येक हुशार मुले नापास झाली म्हणून नव्हे, तर या चार प्रश्नांपाशी अडकली म्हणून घरी बसतात. बाबासाहेबांच्या वाट्यालाही हेच प्रश्न आले होते.

एका खोलीतला अभ्यास

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे भीमरावांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करातल्या शाळेत शिक्षक होते. पेन्शन झाल्यावर दापोली, सातारा असे करत हे कुटुंब मुंबईला परळच्या डबक चाळीत आले. घर म्हणजे एकच खोली. तिथेच चूल, तिथेच जाते, तिथेच शेळी आणि तिथेच अभ्यास. रामजीबाबा रात्री दोनपर्यंत स्वतः जागे राहत. मग भीमरावांना उठवून अभ्यासाला बसवत आणि त्यांच्या जागेवर आपण झोपत. मुलाने एखादे पुस्तक मागितले आणि खिशात पैसे नसले, तर ते लेकींच्या घरी जाऊन त्यांचे दागिने मागून आणत, गहाण ठेवत आणि पुस्तक घेऊन येत. पेन्शन आली की दागिना सोडवत.

भीमरावांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते शिकू दिले नाही, नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. विषय निवडायचा अधिकारसुद्धा नव्हता. पुढे मोठेपणी त्यांनी संस्कृतचा अभ्यास स्वतःच्या बळावर केला.

१९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून ते मॅट्रिक झाले. गुण पडले ७५० पैकी २८२. म्हणजे आजच्या हिशोबाने अडतीस टक्क्यांच्याही आत! परंतु त्या काळात अस्पृश्याच्या मुलाने मॅट्रिक होणे ही अपूर्व गोष्ट होती. सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली. टक्केवारी कमी पडली म्हणून पोराला घालूनपाडून बोलणाऱ्या आईवडिलांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. त्या २८२ गुणांवरून पुढे काय घडेल, हे त्या दिवशी कोणालाही सांगता आले नसते.

केळुसकर गुरुजींनी टाकलेला शब्द

त्या सभेत एक गृहस्थ होते, कृष्णाजी अर्जुन केळुसकर. विल्सन हायस्कूलचे शिक्षक आणि मराठीतले नामांकित चरित्रकार. चर्नी रोडच्या बागेत एकटा बसून वाचणारा हा मुलगा त्यांनी हेरला होता. त्यांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भीमरावांना भेट दिले. आपल्या दृष्टीने ही भेट किती मोलाची ठरली हे सांगायला नको. पण गुरुजी पुस्तक देऊन थांबले नाहीत.

३ जानेवारी १९०८ रोजी भीमरावांचे नाव एल्फिन्स्टन कॉलेजात घातले गेले. कॉलेजचा खर्च रामजीबाबांना झेपेना. इंटरनंतर शिक्षण सुटण्याची वेळ आली. लायक अस्पृश्य विद्यार्थ्याला मदत करण्याची तयारी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी जाहीर केलेली होती. पण ती बातमी परळच्या चाळीतल्या मुलापर्यंत पोचणार कशी, आणि पोचली तरी महाराजांपर्यंत त्याला नेणार कोण? ते काम केळुसकर गुरुजींनी केले. गुरुजींच्या प्रयत्नाने भीमरावांची महाराजांशी भेट झाली. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. कॉलेजात प्रा. म्युलर यांनी पुस्तके आणि कपडे देऊन हातभार लावला. १९१२ साली भीमराव बी.ए. झाले.

शिष्यवृत्ती तर होतीच. मुलगाही लायक होता. पण दोघांची गाठ घालून देणारा माणूस मध्ये नसता, तर शिष्यवृत्ती बडोद्यात आणि मुलगा परळला राहिला असता. आजही योजना कागदावर असते आणि मूल घरात बसलेले असते. मधला माणूसच नसतो.

कोलंबियाचा अर्ज

बी.ए. झाल्यावर भीमराव बडोद्याला नोकरीवर गेले. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजीबाबा गेले. घरावरचे छत्र हरपले. त्याच सुमारास बडोद्याचे महाराज काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला धाडण्याच्या विचारात होते. भीमरावांनी अर्ज केला आणि त्यांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी बडोद्यात करारावर सही झाली. शिक्षण झाल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करायची, अशी अट होती. तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंड मिळणार होते.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे त्यांनी दिवसाचे अठरा-अठरा तास अभ्यास केला. खाण्यात काटकसर करून पैसे घरी पाठवले आणि पुस्तके घेतली. १९१५ साली एम.ए. झाले. पुढे भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाटणीवर प्रबंध लिहिला. प्रा. सेलिग्मन यांचा त्यांच्यावर लोभ होता. भीमराव लंडनला निघाले तेव्हा सेलिग्मन यांनी तिथल्या मातब्बर मंडळींच्या नावे ओळखपत्रे लिहून दिली. आज परदेशी विद्यापीठाच्या अर्जाला प्राध्यापकांची शिफारसपत्रे जोडावी लागतात, त्यातलाच हा प्रकार. गुरूचा विश्वास मिळवला तरच असे पत्र मिळते.

१९१६ साली लंडनमध्ये त्यांनी बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये आणि अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये एकाच वेळी नाव घातले.

अर्ध्यावर मोडलेला डाव

१९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि भीमरावांना परत बोलावण्यात आले. अभ्यास अर्धा, डोक्यावर करार आणि हातात पैसा नाही. अशा वेळी दुसरा कोणी नशिबाला दोष देत बोटीत बसला असता. भीमरावांनी तसे केले नाही. निघण्यापूर्वी प्रा. एडविन कॅनन यांच्या शिफारशीने विद्यापीठाकडून लेखी परवानगी मिळवली, की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करता येईल. त्यांची जागा राखून राहिली ती या एका परवानगीमुळे.

पहिले महायुद्ध चालू होते. सामान आणि ग्रंथ ज्या बोटीने पाठवले ती बोट पाणतीराने बुडाली. पै पै वाचवून जमवलेली पुस्तके समुद्रात गेली. सामानाच्या नुकसानीचे ६०० रुपये मिळाले आणि त्याच पैशावर ते कराराप्रमाणे बडोद्याला रुजू झाले. तिथे काय झाले ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. कचेरीतले शिपाई कागद लांबून टाकत, राहायला जागा कोणी देईना, पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकलेला माणूस झाडाखाली बसून रडला.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात दरमहा ४५० रुपयांवर प्राध्यापकाची नोकरी मिळाली. हातात पैसा आला तरी राहणी बदलली नाही. परळच्या चाळीत राहून ते पैसे साठवत होते, कारण चार वर्षांची मुदत डोक्यात होती. मार्च १९२० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. साठवलेली रक्कम, कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भाथेना या पारशी मित्राने दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज अशी जमवाजमव करून जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. मुदत संपायला सव्वा वर्ष उरले होते.

लंडनमध्ये सकाळी थोडे खाऊन ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जायचे ते दार बंद होईपर्यंत बसायचे. १९२१ साली एम.एस्सी. झाले. नंतर बॅरिस्टर झाले. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी एकदा परत केला. मायदेशी येऊन बाबासाहेबांनी तो सुधारून पाठवला आणि १९२३ अखेर पदवी मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. रीतसर १९२७ साली मिळाली. म्हणजे पहिल्यांदा अमेरिकेत पाऊल टाकल्यापासून शेवटची पदवी हाती येईपर्यंत चौदा वर्षे गेली.

या चौदा वर्षांत माता रमाईंनी काय सोसले ते विसरून चालणार नाही. नवरा सातासमुद्रापार, घरात दारिद्र्य आणि एकामागून एक चार लेकरे डोळ्यांदेखत गेली. बाबासाहेबांच्या पदव्यांच्या यादीत रमाईंचे नाव कुठे छापलेले नाही, पण प्रत्येक पदवीत त्यांचा वाटा आहे. शिकणाऱ्या मुलामागे एक आई किंवा बहीण उपाशी राहत असते, हे शिकलेल्याने कायम ध्यानात ठेवावे.

आपल्याला मिळाले ते सर्वांना मिळावे

आपण शिकलो, आपले भागले, असे बाबासाहेबांनी म्हटले नाही. आपल्याला जी मदत एका गुरुजींमुळे आणि एका राजामुळे योगायोगाने मिळाली, ती समाजातल्या प्रत्येक मुलाला हक्काने मिळावी यासाठी त्यांनी पुढचे आयुष्य वेचले.

२० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सभेने लगेच १९२५ साली सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. राहायची आणि जेवायची सोय नसेल तर नुसती फी माफ करून खेड्यातले मूल शिकत नाही, हे त्यांनी ओळखले होते. १९२८ साली दलित वर्ग शिक्षण संस्था काढली, तिचाही भर वसतिगृहांवरच होता.

१९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्याच वर्षी त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन दिले. त्यात उच्च शिक्षणासाठी सरकारी पैशाची मागणी होती. तिला यश येऊन अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी वर्षाला तीन लाख रुपये मंजूर झाले आणि १९४४ पासून मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. काही विद्यार्थी विलायतेलाही गेले. आज आपली मुले जी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेतात, तिची सुरुवात इथे आहे. ती कोणाची मेहेरबानी नाही. बाबासाहेबांनी भांडून मिळवलेला तो हक्क आहे.

८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत लष्कराच्या जुन्या बराकींमध्ये सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले.

मराठवाड्याचे दार उघडले

आता आपल्या भागाकडे येऊ. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, इंटरपर्यंतचे सरकारी कॉलेज होते. पदवी घ्यायची तर हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात जावे लागे आणि तिथे शिक्षण उर्दूतून. गावकुसाबाहेरच्या मराठी मुलाला शाळेच्या ओट्यावर बसणे मुश्कील, तिथे हैदराबाद म्हणजे स्वप्नच!

बाबासाहेबांचे या भागाकडे लक्ष होते. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यातल्या मक्रणपूरला भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने परिषद झाली, तिला ते आले होते. निजामाचे राज्य गेल्यावर दोन वर्षांच्या आत, १९ जून १९५० रोजी त्यांच्या संस्थेचे कॉलेज औरंगाबादला सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. नागसेन भिक्खूंना प्रश्न विचारून शंका फेडून घेणाऱ्या मिलिंद राजाचे नाव कॉलेजला दिले आणि परिसराला नागसेनवन म्हटले. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्यासारखी माणसे त्यांनी कामाला लावली. बाबासाहेब स्वतः औरंगाबादला येऊन राहत, बांधकाम पाहत, झाडे लावून घेत. प्रकृती साथ देत नव्हती, तरी मराठवाड्याच्या मुलांचे वसतिगृह, ग्रंथालय, प्राध्यापक यांची चिंता सुटली नाही.

परभणी, पूर्णा, सेलूच्या स्टेशनांवरून मीटरगेजच्या गाडीत वळकटी आणि पत्र्याची पेटी घेऊन आपली मुले मिलिंदला जाऊ लागली. घरात पाटी न पाहिलेल्या कुटुंबांतून शिक्षक, वकील, अधिकारी, लेखक झाले. अस्मितादर्शचे संपादक डॉ. गंगाधर पानतावणे हे मिलिंदचेच प्राध्यापक.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याला बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला, तेव्हा मराठवाड्यात आपल्या माणसांवर काय गुदरले ते परभणी, नांदेडच्या गावोगावच्या वडीलधाऱ्यांना विचारावे. घरे जळाली, माणसे गेली. सोळा वर्षांच्या लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. एका विद्यापीठाच्या पाटीसाठी समाजाने एवढी किंमत दिली. मग त्याच समाजाची मुले विद्यापीठाच्या दारापर्यंत पोचली नाहीत, तर त्या बलिदानाचे काय?

आपल्या मोहल्ल्याने काय करावे

बौद्ध झाल्यावर केंद्राच्या सवलती बंद झाल्या होत्या, त्या १९९० साली कायदा होऊन पुन्हा मिळाल्या. आज मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. पालकांचे उत्पन्न अडीच लाखांच्या वर असले तरी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची सवलत आहे. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजना आहे. परदेशी विद्यापीठासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर ऑनलाइन भरायचा असतो. योजना आहेत, पण मुदत आणि कागद यांत मुले मागे पडतात. म्हणून विहाराच्या पातळीवर पुढील गोष्टी सहज करता येतील.

१) दहावी झाल्याबरोबर जातीचा दाखला काढावा आणि अकरावी-बारावीतच जात पडताळणीचा अर्ज करावा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आपल्याकडचे जुने कागद पुष्कळदा उर्दूत असतात, ते शोधायला आणि भाषांतर करून घ्यायला महिने जातात. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला, जमिनीचा उतारा आत्ताच शोधून ठेवावा.

२) उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधारला जोडलेले बँक खाते, गुणपत्रके यांची एक फाइल प्रत्येक मुलाची असावी. तीन-तीन झेरॉक्स काढून ठेवाव्यात.

३) ज्यांनी स्वतः प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म भरले आहेत, अशा चार-पाच तरुण-तरुणींनी निकालानंतरचा महिनाभर रोज संध्याकाळी दोन तास विहारात बसावे. नेटकॅफेवाल्याने घाईत चुकीचा पर्याय टाकला की वर्षभराची शिष्यवृत्ती अडकते. फॉर्म भरून झाल्यावर दुसऱ्याने वाचून पाहावा.

४) शिष्यवृत्ती उशिरा येते, प्रवेशाची रक्कम मात्र त्याच दिवशी मागतात. त्यासाठी जयंतीच्या वर्गणीतून एक छोटा फिरता निधी बाजूला ठेवावा. भाथेनांनी दिले तसे उसने द्यावे, शिष्यवृत्ती आली की मुलाने परत करावे, म्हणजे पुढच्याला मिळेल.

५) मुलींचे फॉर्म आधी भरावेत. शहरात राहायची सोय नाही म्हणून पहिल्यांदा मुलीचेच शिक्षण थांबते.

बाबासाहेबांच्या जयंतीला आपण मिरवणूक काढतो, ती काढावीच. त्याचबरोबर प्रत्येक शिकलेल्या माणसाने दरवर्षी एका मुलाचा अर्ज आपल्या हाताने भरून द्यावा, त्याच्याबरोबर कॉलेजच्या खिडकीपर्यंत जावे आणि नाव लागल्यावरच परत यावे. केळुसकर गुरुजींनी एका मुलासाठी एवढेच केले होते.